मधल्या चार्जवरचा फोर्स

मुलाणी सर,

गुरुवारी कापूरहोळच्या चौकात एसटीतून उतरले आणि सवयीनं तुमच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानाकडं बघितलं, तर शटर खाली. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं, "आज सर कुठं गेले?" त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "ताई, सर वारले की. सोमवारी. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

मला कोण सांगणार? मी तुमची लागते तरी कोण? किकवीची सुरेखा, बारा वर्षांपूर्वी भोरच्या कॉलेजात तुमच्याकडं बारावीचं फिजिक्स शिकलेली. आता वेल्ह्याकडच्या एका कॉलेजात मी स्वतः फिजिक्स शिकवते. माहेरी जाताना गाडी बदलायला चौकात उतरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तुमच्या बाकड्यावर बसून भांडायचं, एवढंच आपलं नातं. किकवीच्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या तरी मी बंद शटरपाशी उभीच होते. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. बारा वर्षं सांगायची होती, आणि दर वेळी मी ती पुढच्या खेपेवर ढकलत आले.

तुमच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ निघतील. अख्ख्या पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तुम्ही परत चालू करून दिल्यात, ते सगळे बोलतील. मी आधी भांडते. त्या चाचणीत तुम्ही मला दिलेला भोपळा अन्यायाचा होता, हे माझं मत आजही कायम आहे. तुम्ही गेलात म्हणून मी ते बदलणार नाही.

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडं पुण्याला राहिले आणि तीन आठवडे तिथला क्लास केला. परत आले ती छापील नोट्स आणि डोक्यात हवा घेऊन. दोन चार्ज एकमेकांना किती जोरानं ओढतात किंवा ढकलतात, ते काढायचं सूत्र तुम्ही आम्हाला तुमच्या पद्धतीनं शिकवलं होतं. आधी चित्र, मग बाण, मग आकडे. प्लस आणि मायनस सूत्रात घालायचेच नाहीत. ते बघून बाण कुठल्या बाजूला तेवढं ठरवायचं, आणि पाटी पुसल्यासारखे विसरून जायचे. "आधी सांगा, सोसतोय कोन? ज्याच्यावरचा फोर्स इचारलाय, त्याच्यापासनं बाण काढा," हे तुम्ही रोज म्हणायचात. पुण्याच्या क्लासमध्ये बाण वगैरे काही नव्हतं. चार्ज त्याच्या खुणेसकट सूत्रात टाकायचा, उत्तर मायनस आलं की ओढ, प्लस आलं की ढकल. झटपट काम. चाचणीत दोनच चार्जचं गणित होतं, मी ते पुण्याच्या पद्धतीनं सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं. तुम्ही शून्य दिलंत. वर अख्ख्या वर्गासमोर हसत हसत म्हणालात, "पुन्याहून मायनस घिऊन आली, बाण तेवढा तिथंच इसरली."

तुम्ही थट्टेत म्हणालात. पण पोरांना निमित्तच हवं असतं. दुसऱ्या दिवसापासून एसटीत माझं नाव 'मायनस' पडलं. खिडकीची जागा धरली की मागून "मायनसला सरकायला सांगा", तिकिटाला उभी राहिले की "एक मायनस द्या". मी घरी येऊन आईवर चिडायचे, जेवणाच्या ताटावरून उठायचे. तुमच्यावर माझा राग बसला तो तिथं.

त्याच डिसेंबरात तपासणी आली. तुमची नेमणूक तासांवरची होती. तुमचा तास साहेब बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावर तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरणार, हे आम्हा पोरांनासुद्धा माहीत होतं. शिपाईमामांनीच सांगितलं होतं, "सरांचं समदं त्या दिवसावर हाय, पोरांनो. नीट बसा." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या कॉलेजात तपासणीची एक रीत होती, आता मीही ती वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे. प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना हातांचं रान दिसतं आणि शिक्षक फक्त उजव्या हातांतला एक निवडतो. बाकीच्या सरांनी आदल्या आठवड्यात याची तालीमच घेतली. तुम्ही आदल्या दिवशी तास संपता संपता, हाताचा खडू पुसत, आमच्याकडं न बघता म्हणालात, "उद्या तेवढं उजव्या-डाव्या हाताचं ध्यानात ठिवा. मला हे पटत न्हाई, पन वरनं सांगितलंय." तुम्हाला लाज वाटत होती, ते आम्हाला दिसलं.

तपासणीच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात. पिशवीत मोटारीच्या तीन जुन्या बेअरिंग होत्या, भावाच्या दुकानातून आणलेल्या. त्यांवर खडूनं प्लस-मायनस काढून तुम्ही त्यांना चार्ज म्हणायचात आणि सुतळीनं बांधून कोण कुणाला ओढतं ते दाखवायचात. मागच्या बाकावर साहेब, संस्थेचे सेक्रेटरी आणि प्राचार्य बसले. तुम्ही फळ्यावर गणित लिहिलं. एका रेषेत तीन चार्ज. डावीकडं प्लस चार, मधे मायनस एक, उजवीकडं प्लस तीन, सगळे मायक्रोकूलोम या मापात. मधल्यापासून दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटर. मधल्यावर एकूण फोर्स किती?

सगळे हात वर गेले. माझा उजवा. तुमची नजर माझ्यावर आली आणि पुढं सरकली. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायला तोंड उघडलंत, तेवढ्यात मागून साहेबच म्हणाले, "त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीला येऊ द्या."

सर, इथपर्यंत माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे खरं माना. तुमच्या पद्धतीनंच करायचं ठरवून मी उठले होते. तीन गोल काढले. मधल्या गोलापासून पहिला बाण काढायला खडू टेकवला, आणि मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "मायनस." दोघं-तिघं फिसकन हसले. माझे कान तापले. अर्धा काढलेला बाण मी हातानंच पुसला आणि सूत्र लिहिलं, खुणांसकट.

डावीकडून मायनस शून्य दशांश चार. उजवीकडून मायनस शून्य दशांश तीन. बेरीज मायनस शून्य दशांश सात न्यूटन. खाली दोन रेघा मारल्या.

आता ती गोष्ट. उत्तराखाली रेघा मारताना माझं लक्ष वरच्या तीन गोलांकडं गेलं. मायनस मधे, दोन्ही बाजूंना प्लस. डावीकडचा त्याला डावीकडं ओढणार, उजवीकडचा उजवीकडं. रस्सीखेचीत दोन्ही संघांचा जोर कुणी एकत्र मिळवतं का? तो वजा व्हायला हवा. उत्तर शून्य दशांश एक, डावीकडं. तुमचे बाण मी काढले नव्हते, तरी ते मला स्पष्ट दिसले. पुण्याचा मायनस फक्त ओढ आहे एवढं सांगत होता, कुठल्या बाजूला ते सांगत नव्हता. हे सगळं मला तिथंच, फळ्यापाशी, खडू हातात असताना कळलं. नंतर नाही.

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभे होतात. हळूच म्हणालात, "बाण काढून बघ की, सुरेखा."

तुम्ही मला वाट करून दिली होती. मी बाण काढला असता, "अरेच्चा" म्हणून उत्तर खोडलं असतं, तर साहेबांनी तुमची पाठ थोपटली असती. मी वर्गाकडं तोंड केलं आणि मुद्दाम शुद्ध पुणेरीत म्हणाले, "गरज नाही, सर. पुण्याच्या क्लासमध्ये बाण काढत नाहीत."

"वा, छान आत्मविश्वास आहे," साहेब म्हणाले. त्यांचा विषय भूगोल होता, हे आम्हाला पुढं कळलं. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "सर, उत्तर बरोबर आहे ना?"

प्राचार्य तुमच्याकडं बघून बारीक मान डोलवत होते, म्हणजे हो म्हणा आणि पुढं चला. तुम्ही हो म्हणाला असतात तर कुणाला काही कळलं नसतं. पोरांना तर तास कधी सुटतो याची पडली होती. तुम्ही फळ्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. तुमच्या कपाळावर घाम होता. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा आणि सोडवा मला.

"न्हाई साहेब," तुम्ही म्हणालात. "उत्तर चुकलंय. पोरगी हुशार हाय, पन हितं गोंधळ झाला. दोन मिनटं द्या, मी दावतो." तुम्ही बेअरिंग टेबलावर मांडल्यात, मधलीला दोन्हीकडून सुतळी बांधलीत आणि मला म्हणालात, "ही मधली धर. दोघं ओढतील, तू सांग कुठं जाती."

मी हात मागं घेतला. "माझं उत्तर बरोबर आहे, सर."

साहेबांनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तिघंही उठून गेले. तुमच्या हातात सुतळी तशीच राहिली. शेरा काय होता, ते शिपाईमामांनी आठवड्यानं सांगितलं. विद्यार्थ्यांचा शिक्षकांच्या ज्ञानावर विश्वास दिसत नाही. जानेवारीत तुमच्या जागी दुसरे सर आले.

पण त्याआधीची ती संध्याकाळ. भोरहून कापूरहोळपर्यंत आपण एकाच गाडीत असायचो. तुम्ही माझ्यापुढं दोन बाकं सोडून बसला होतात. दर खड्ड्याला पिशवीतल्या बेअरिंग वाजत होत्या. मी ठरवलं होतं की तुम्ही मागं वळून रागावलात तर सगळं सांगून टाकायचं. तुम्ही वळला नाहीत. कापूरहोळला उतरल्यावर मात्र माझ्यासाठी थांबलात आणि म्हणालात, "उद्या वही घिऊन दुकानात ये. ते गनित परत बघू." रागाचा मागमूस नव्हता. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं, सर. रागाला मी उत्तर देऊ शकले असते.

दुसऱ्या दिवशी मी आले. तुमच्या थोरल्या भावाचं ते रिवाइंडिंगचं दुकान, सगळीकडं तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वॉर्निशचा वास. एका स्टुलावर तुम्ही बेअरिंग मांडल्यात आणि मला येत असलेली गोष्ट पाऊण तास शिकवलीत. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. मधेच एक शेतकरी मोटार घेऊन आला, त्याला थांबवून ठेवलंत. मी मान खाली घालून बाण काढत होते. शेवटी तुम्ही विचारलंत, "आता?"

"आत्ता कळलं, सर," मी म्हणाले.

तुमचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. मला वाटलं, नोकरीची आठवण झाली असेल. त्या पडलेल्या चेहऱ्याचा अर्थ मला कालपर्यंत लागला नव्हता.

पुढं बोर्डाच्या परीक्षेपर्यंत आम्ही सहा-सात जणी तिथंच शिकलो. कॉलेजात नवे सर होते, पण वीज आणि चुंबक आम्ही तुमच्या स्टुलावर केलं. तुम्ही हातानं मोटारीत तार भरत असायचात आणि तोंडानं आम्हाला शिकवत असायचात. एकीनं घरून भाकरी-पिठलं आणलं तर निम्मं परत तिच्याच डब्यात घालायचात. मला फिजिक्सला चांगले मार्क पडले. एम.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नोकरी लागली. पेढे घेऊन आले तर पेढा तोंडात टाकत तुम्ही पहिलं काय विचारलंत? "वर्गात बाण काढून घेतीस का न्हाई?"

त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, "सर, उजवी दिशा प्लस धरली की खूण सूत्रात ठेवूनही गणित सुटतं. पुस्तकं तसंच करतात." तुम्ही म्हणायचात, "पुस्तक घाईत नसतं, परीक्षेतलं पोर घाईत असतं. घाईत एक मायनस ओढीचा आन एक दिशेचा, दोनी एकात मिसळत्यात." मी वही काढायचे, तुम्ही पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर आकृती काढायचात, पंक्चरवाला म्हणायचा, "झालं का ह्यांचं सुरू!" आणि किकवीची गाडी यायची. बारा वर्षं आपण त्या मायनसवर बोलत राहिलो. त्या तासाविषयी तुम्ही बोलला नाहीत आणि मी बोलू दिलं नाही. मागच्या महिन्यात तर मी सांगायचं म्हणूनच आले होते. तुम्ही पाणी मागवलंत, छाती चोळलीत, म्हणालात, "पित्त झालंय." मी म्हटलं, आज नको. पुढच्या खेपेला.

काल तुमच्या घरी गेले. तुमच्या मिसेसना, चाचींना, याआधी मी दोनदाच भेटले होते. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, मला बघून चाचींनी जागा केली. "किकवीची सुरेखा ना? त्यांचं तुज्यावर लई ध्यान व्हतं," त्या म्हणाल्या. कुणीतरी चहा आणून दिला. बाकीच्या उठून गेल्यावर मी विचारलं की सर परत कॉलेजात का गेले नाहीत. खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"बोलावनं आलं व्हतं की," चाची म्हणाल्या. "शिरवळकडनं एका कॉलेजातनं दोनदा मानूस आला. मी म्हनलं जावा, तारंत हात का कापून घेताय? तर न्हाईच म्हनले. म्हनायचे, माज्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर, तिलाच माजं शिकवल्यालं कळलं न्हाई. दुकानात पाऊन तास बसवली तवा कुठं कळलं. मग बाकीच्या पोरांना काय कळत आसंल? वर्गात शिकवायचं माजं काम न्हवं, म्हनायचे. दुकानात एकेकाला शिकवीन."

सर, मी हातातली कपबशी खाली ठेवली. बारा वर्षं मी समजत होते की मी तुमची एक नोकरी घालवली आणि ती साहेबांनी घालवली असंही अधूनमधून स्वतःला समजावत होते. तुमचा स्वतःवरचा विश्वास मी घालवला, आणि तोही तपासणीत नाही तर दुसऱ्या दिवशी, तुमच्या स्टुलावर, दोन शब्दांत. "आत्ता कळलं." ते खोटं मी बोलले नसते तर तुम्ही दुसरं बोलावणं तरी घेतलं असतंत.

मी चाचींना सगळं सांगितलं. मागून आलेला तो आवाज, पुसलेला बाण, मला फळ्यापाशीच कळलं होतं ते, आणि मी मुद्दाम मागे हटले नाही ते. "चाची, सरांनी शिकवलेलं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सगळ्या वर्गाला कळलं होतं. आज मी शिकवते ते त्यांच्याच पद्धतीनं शिकवते, बाण काढल्याशिवाय एकाला सूत्र लिहू देत नाही." बोलताना मी रडत होते आणि रडतेय याचाही मला राग येत होता. मला माफ करा, असं म्हणाले.

चाचींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ओढणी डोक्यावर सारखी करून त्या म्हणाल्या, "मी माफ करून काय व्हनार, पोरी? त्यांना शिकवायचं व्हतं गं. लई शिकवायचं व्हतं."

मग त्यांनी माझा न प्यालेला चहा उचलला आणि आत गेल्या. मी वाट बघितली. त्या परत बाहेर आल्या नाहीत.